शेवटची सायकल कुठं आहे?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांचा सायकलशी काही संबंध नाही त्यांनीही वाचली तर बरं होईल. विषय शेवटी रस्त्याचा आहे आणि रस्त्यावर आपण सगळेच असतो.

आषाढीच्या आधी आपल्या नगर-करमाळा-टेंभुर्णी रस्त्यावरनं सायकली पंढरपूरकडं जायला लागतात, हे आता कुणाला नवीन नाही. नाशिककरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी सायकल वारी सुरू केली, मग बाकीची शहरं आली, आणि आता तालुक्या-तालुक्याचे गट निघतात. एकसारखे टी-शर्ट, हँडलला छोटी पताका, टेम्पोवर स्पीकर. आपल्याकडचाही एक गट जातो. करमाळ्यापासून पंढरपूर नव्वदच्या आसपास किलोमीटर, म्हणजे पहाटे निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, कॉलेजची पोरं, दोन-चार शेतकरी, बारावीची एखादी मुलगी. एरवी एकमेकांना नमस्कारसुद्धा न घालणारी माणसं एका रांगेत दिसतात. मला हा सगळा प्रकार मनापासून आवडतो, हे आधी नोंदवून ठेवतो. नाहीतर खाली कमेंटमध्ये "पत्रकाराला चांगलं काही बघवत नाही" असं येईलच.

तर यंदा या गटात एक प्रस्ताव आलाय. जो आधी पोचेल त्याला ट्रॉफी. पहिल्या दहा जणांना रोख बक्षीस. बक्षिसाचा खर्च एक नेते करणार, म्हणजे ट्रॉफीवर आणि बॅनरवर त्यांचा फोटो असणार, हे ओघानं आलंच. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत चाळीस अंगठे पडले.

माझा याला विरोध आहे. आडून-आडून बोलण्यापेक्षा इथं उघड लिहितो.

विरोधाचं कारण नीट कळायला मागच्या वर्षी काय झालं ते सांगावं लागेल. मागच्या वर्षी आपल्या गावातून ६४ सायकली निघाल्या. मी वार्तांकनासाठी आधीच पंढरपुरात जाऊन थांबलो होतो. साडेअकराला ग्रुप फोटो झाला. हार झाले, घोषणा झाल्या. मी सवयीनं सायकली मोजल्या, तर ६२ भरल्या. दोन कुठं आहेत विचारलं तर कुणाला सांगता येईना. एकजण म्हणाला, "येतील की मागनं." दुसरा म्हणाला, "टेम्पोत असतील." टेम्पो तर समोरच उभा होता आणि त्यात रिकामी पातेली होती.

त्या दोन सायकली सव्वाला आल्या, केळीच्या पिकअपमध्ये. एक शाळेतल्या शिपाईमामांची आणि एक बारावीतल्या मुलीची. कंदरच्या अलीकडं तिची सायकल पंक्चर झाली होती. पंप टेम्पोत, पंक्चरचं सामान टेम्पोत, आणि टेम्पो गेला होता पुढच्या पोरांच्या पुढं, कारण नाष्टा त्यांच्या आधी करकंबला पोचायला हवा होता. फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, मला पुढंच राहायला सांगितलंय. मामांची सायकल धड होती, ते जाऊ शकत होते. ते तासभर त्या मुलीजवळ रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मग एका केळीवाल्यानं दोघांना सायकलींसकट घेतलं.

माझ्या बातमीत मी "६२ सायकलस्वार पोचले" असं लिहिलं. त्यावर मला फोन आले. बॅनरवर ६४ आहेत, तुम्ही ६२ कसं लिहिलं? दोन माणसांनी गटाची बदनामी होते का, वगैरे. मी म्हटलं, दोन माणसांनी बदनामी होत नाही, पण दोन माणसं कुठं आहेत हे ६२ जणांना ठाऊक नसणं ही बातमी आहे. अजूनही माझं तेच मत आहे.

आता यंदा जर ट्रॉफी लावली, तर हे दोन-चे वीस होतील. कसं, ते सांगतो.

सायकल चालवताना सगळ्यात मोठा शत्रू कोण? चढ असं बरेच जण म्हणतील. सपाटीवर आणि थोडा वेग घेतल्यावर उत्तर वारा हे आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळं कुणाच्या तरी मागं, एखाद्या सायकलभर अंतरावर चालवलं की पुढच्याच्या आडोशानं मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. ताशी २५-३० च्या वेगाला मागच्याची मेहनत पाव ते एक तृतीयांश कमी होते. हे जगभर मोजून झालेलं आहे. म्हणून तर शर्यतीतले मोठमोठे खेळाडूसुद्धा घोळक्यात लपून असतात आणि पुढं राहायची पाळी आलटून-पालटून घेतात.

जूनमध्ये आपल्याकडं वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून सुटलेला असतो. टेंभुर्णीच्या पुढं उघड्या माळावर तो कसा लागतो हे मोटारसायकलवाल्यालाही माहीत आहे. आता बघा, तरणी पोरं जोर करून पुढं निघून गेली की ती एकमेकांच्या आडोशानं जातात. मागं राहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र एकट्यानं वारा कापत जावं लागतं. म्हणजे ज्याला आडोशाची गरज सगळ्यात जास्त, तोच सगळ्यात आधी उघडा पडतो. आधीच हळू, त्यात एकटा, त्यामुळं आणखी हळू. गट फुटला की तो असा वाढत्या दरानं फुटत जातो. आणि ट्रॉफी म्हणजे गट फोडायचं आमंत्रण आहे, दुसरं काही नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या गटात एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे, फार चांगला सायकलपटू. तो मला म्हणाला, "दादा, मी सहाशे किलोमीटरची बीआरएम करायच्या तयारीत आहे. पंधराच्या स्पीडनं सगळ्यांच्या मागं रेंगाळायचं म्हणजे शिक्षाच. आणि साठ जणांच्या घोळक्यात चालवणं डेंजर आहे, एखादा नवखा मधेच ब्रेक मारतो आणि दहा जण पडतात."

त्याचं म्हणणं खोटं नाही. घोळक्यात पडझड होते ती बहुतेक एकाच कारणानं. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासतं. पुढच्याला काही होत नाही, मागचा आपटतो, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. ज्यानं कधी गटात सायकल चालवलेली नाही त्याला हे पहिल्या दिवशी कळत नाही. तेव्हा साठ जणांना एकत्र कोंबून हाकणं हा माझा आग्रह नाही.

पण बीआरएमचा विषय त्यानंच काढला म्हणून त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. बीआरएम ही शर्यत नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. त्या वेळेत आलात तर पूर्ण, पहिला-दुसरा असा नंबर कुणालाच नाही. आणि हे सगळं ज्या 'ऑडॅक्स' नावानं चालतं ते नाव कुठून आलं? १८९७ साली इटलीत काही सायकलवाले रोमहून नेपल्सला निघाले. अंतर सुमारे २३० किलोमीटर, आणि पैज अशी की सूर्य उगवल्यावर निघून मावळायच्या आत पोचायचं. त्या काळच्या सायकली आणि त्या काळचे रस्ते डोळ्यांपुढं आणा. त्यावरून त्यांना 'धाडसी' म्हणायला लागले, तेच हे ऑडॅक्स.

पुढं १९०४ साली फ्रान्समध्ये आँरी देग्रांज यानं ही पद्धत नेली. हा तोच माणूस ज्यानं आदल्या वर्षी टूर द फ्रान्स सुरू केली होती. म्हणजे शर्यत काय असते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण हौशी लोकांसाठी त्यानं शर्यत ठेवली नाही. सगळ्यांनी एकत्र जायचं, पुढं एक कप्तान, कप्तानाच्या पुढं कुणी जायचं नाही, आणि वेग ठरलेला. पुढं तो ताशी साडेबावीस असा पक्का झाला. १९२१ मध्ये त्यांच्यात वाद झाला आणि 'ज्याच्या त्याच्या वेगानं' जाणारी पद्धत वेगळी निघाली. आपल्याकडं बीआरएम म्हणून जे चालतं ते या दुसऱ्या शाखेचं. पहिली शाखा मात्र संपली नाही, कप्तानामागं एकत्र जाणारे गट आजही फ्रान्समध्ये आहेत.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे. ज्यांना एकत्र जायचं नव्हतं त्यांनीसुद्धा वेगळं होताना नंबर काढायची पद्धत आणली नाही. वेळेची मर्यादा ठेवली, बक्षीस ठेवलं नाही. कारण हौशी माणसाला उघड्या रस्त्यावर, चालू वाहतुकीत, नंबरासाठी पळवणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. शर्यत लावायची तर रस्ता बंद करावा लागतो. आपण टेंभुर्णीचा रस्ता बंद करणार आहोत का? ऊस, केळी, एसटी, टँकर सगळं थांबवणार आहोत का?

मग साठ-सत्तर जणांनी जायचं कसं? याचं उत्तर शोधायला फ्रान्सला जायची गरज नाही. ज्या वारीचं नाव आपण या उपक्रमाला लावलंय, तिच्याकडंच बघा की.

माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात. ती एकच एक गर्दी म्हणून चालतात का? नाही. दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीला नंबर असतो. रथाच्या पुढं २७ दिंड्या, बाकीच्या मागं, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. दिंडीच्या आत पुन्हा रचना: पताकावाले, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. कुणी म्हातारं माणूस मागं पडलं तर आपल्या दिंडीतलं कोण कमी आहे हे दिंडीला कळतं. तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड वर केला की एवढा मोठा समुदाय शांत होतो. हैबतबाबांनी घालून दिलेली ही शिस्त जवळजवळ दोनशे वर्षं चाललीय, आणि तीही ना वॉकीटॉकी, ना ॲप. मोठ्या समुदायाला चालवायचं तर त्याचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात एकमेकांची ओळख असली पाहिजे, एवढी ती साधी गोष्ट आहे.

बाहेरचे लोकही हेच करतात. स्वीडनमध्ये वेटर्न नावाच्या मोठ्या तळ्याला सायकलवरून फेरी मारायचा कार्यक्रम १९६६ पासून चालतो. अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, हजारो माणसं. ती एकदम सोडत नाहीत. लहान लहान गट थोड्या-थोड्या मिनिटांनी सोडतात, आणि सगळे सुटायला आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत वेळ लागतो. तिथंही ती शर्यत नाहीच.

आता लहान गट का, याचा एक हिशोब मांडतो. एसटीच्या ड्रायव्हरांनी तपासून बघावा.

साठ सायकली एकामागं एक चालल्या आणि दर सायकलीला अंतर धरून ४ मीटर लागले, तर रांग झाली २४० मीटरची. सायकली ताशी २० नं चालल्यात, एसटी ५० नं येतीय. ती रांग ओलांडायला एसटीला जवळपास २९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एसटी ४०० मीटर पुढं जाते, सगळी समोरच्याच्या बाजूनं. समोरून ६० नं ट्रक येत असेल तर तोही तेवढ्यात ४८० मीटर पुढं आलेला असतो. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना पाऊण किलोमीटरहून जास्त रस्ता मोकळा दिसायला हवा. आपल्या रस्त्यावर तो कुठं दिसतो? मग ड्रायव्हर काय करतो? अर्ध्यात अडकतो आणि डावीकडं दाबतो. डावीकडं आपण असतो.

तीच रांग दहाची केली तर ४० मीटर. ओलांडायला पाचेक सेकंद. दीडशे-दोनशे मीटर मोकळा रस्ता बास होतो. आणि दोन गटांत एक एसटी आरामात परत डावीकडं येऊन थांबेल एवढी जागा सोडली की ड्रायव्हर टप्प्याटप्प्यानं पुढं निघून जातो. सायकलवाल्यांना शिव्याही पडत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. दहा-दहा, बारा-बाराचे गट करा. वेगानुसार करा, काही हरकत नाही. बीआरएमवाल्या पोरांचा एक गट होऊ दे, त्यांना पंचवीसनं जाऊ दे, ती साडेतीन-चार तासांत पोचतील. पंधरानं जाणारे सहा तास घेतील. त्यांना आधी सोडा, पोरांना नंतर. म्हणजे सगळे साधारण एकाच वेळी पंढरपुरात येतील आणि रस्त्यात मजबूत गट मागून येत असल्यानं कुणी अडलं तर त्याला दिसेलच. आज आपण करतो ते बरोब्बर उलटं करतो. तगडे पुढं, त्यांच्या पुढं टेम्पो, आणि मागं राहिलेल्यांच्या मागं कोणीच नाही.

प्रत्येक गटाला पुढं एक माणूस हवा आणि मागं एक. मागच्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्याकडं त्याला छान शब्द आहे: पाठराखा. हा गटातला सगळ्यात कच्चा नको, पक्का हवा. त्याचं काम एकच, त्याच्या मागं आपल्या गटातलं कुणी असता कामा नये. आणि पुढच्याचं काम, मागं वळून पाठराखा दिसतोय का बघणं. दिसला नाही तर वेग कमी करायचा. वेग पुढचा ठरवत नाही, शेवटचा ठरवतो. हे ज्याला जमत नाही त्यानं गटात जाऊ नये. एकटं जायला कुणाची बंदी नाही, स्ट्राव्हावर रेकॉर्ड करावा आणि आनंदात राहावं.

मागच्या वर्षी मामांनी पाठराख्याचंच काम केलं. फरक इतकाच की ते त्यांना कुणी दिलं नव्हतं आणि त्यांच्याकडं पंप नव्हता.

थोडा सराव लागतो. वारीच्या आधीचे तीन रविवार पुरेत. जेऊरपर्यंत जा, परत या. खड्डा आला की पुढच्यानं हातानं दाखवायचं आणि ओरडायचं, "खड्डा!" मागून गाडी आली की शेवटच्यानं ओरडायचं, "गाडी मागं!" आणि तो शब्द पुढपर्यंत पोचवायचा. थांबायच्या आधी सांगायचं. कचकन ब्रेक मारायचा नाही. पुढच्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक घुसवायचं नाही. दोघंदोघं शेजारी गप्पा मारत जायचं ते गावातल्या मोकळ्या रस्त्यावर, हायवेला एकेरी. कानात गाणी नकोत. पहाटे अंधारात निघायचं तर मागं लाल दिवा असल्याशिवाय सायकल हलता कामा नये. यात कुठंच पैसा लागत नाही, दिव्याचे तेवढे दोन-तीनशे रुपये.

आता नेत्यांच्या बक्षिसाचं. त्यांना खर्च करायचाच आहे तर स्वागत आहे. ट्रॉफीऐवजी प्रत्येक गटाला एक पंप आणि पंक्चरचं सामान द्या. राहिलेल्या पैशातून तालुक्यात जेवढ्या मुली सायकलनं शाळेत येतात त्यांच्या सायकलींना मागं लाल दिवा आणि चमकणारी पट्टी लावून द्या. हवं तर त्या पट्टीवर नाव छापा, माझी हरकत नाही. ट्रॉफी कपाटात जाते, पट्टी रोज रस्त्यावर दिसते. प्रचारासाठीसुद्धा तेच फायद्याचं आहे.

आणि इथंच मला या पोस्टमधला खरा मुद्दा मांडायचाय.

वर्षातून एक दिवस आपण साठ-सत्तर जण सायकलवर बसतो तेव्हा पोलीस असतात, ॲम्ब्युलन्स असते, चौकात शिट्टी वाजते, गाड्या थांबतात. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर दूधवाला असतो, कारखान्यावरचा मजूर असतो, शाळेची पोरगी असते. त्यांच्यासाठी कुणी शिट्टी वाजवत नाही. त्यांच्याकडं हेल्मेट नाही, रंगीत टी-शर्ट नाही, आणि त्यांचा गटही नाही. हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या शेजारून ते एकटे जातात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात सायकलवरची माणसं काही हजारांत आहेत. त्यांतले बहुतेक असेच, कामाला किंवा शाळेला निघालेले.

राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. योजना चांगली आहे, तिच्यामुळं कितीतरी मुलींची शाळा टिकलीय. पण सायकल दिली आणि ती चालवायला जागा दिली नाही, तर काम अर्धंच झालं. समृद्धीवर सायकलला बंदी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर बंदी, ते एकवेळ समजू शकतो. पण आपला साधा दोन पदरी रस्ता, त्याच्या कडेला डांबर संपून एकदम खाली उतरणारी खोल कड, मुरूम वाहून गेलेला, आणि गतिरोधकाच्या पट्ट्या पार कडेपर्यंत मारलेल्या. मोटारीला त्या पट्ट्या नुसत्या खडखड करतात, सायकलवाल्याचा हात सुटतो. कडेला दीड-दोन फूट पट्टी मोकळी सोडली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला दरवर्षी सायकलींचा प्रचंड मोठा कार्यक्रम होतो. १०९ किलोमीटर, तीस-पस्तीस हजार माणसं. जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. तो कसा सुरू झाला माहीत आहे का? १९७८ साली काही सायकलवाले एकत्र आले ते सायकलींसाठी वेगळी वाट द्या, ही मागणी घेऊन. सगळे मिळून रस्त्यावर उतरलो तर सरकारला आपण दिसू, एवढाच हेतू. त्या मागणीतून हा सोहळा उभा राहिला.

आपल्याकडं सोहळा आहे, मागणी नाही. सत्तर माणसं, त्यात डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक, व्यापारी, म्हणजे तालुक्यातल्या ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी निम्मी माणसं एका रांगेत त्या रस्त्यावरून जातात. खड्डे स्वतःच्या बुडानं मोजतात. आणि पोचल्यावर फोटो टाकतात, "अविस्मरणीय अनुभव". अरे, त्या अविस्मरणीय अनुभवाचं एक पानी निवेदन तरी करा! कुठल्या किलोमीटरला कड खचलीय, कुठं पट्ट्या कडेपर्यंत आहेत, कुठल्या शाळेपुढं सायकलवाल्या मुलींना रस्ता ओलांडायला जागा नाही. प्रत्येक गटानं दहा-बारा किलोमीटरचा टप्पा वाटून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, संध्याकाळी एकत्र करा. एवढं तपशीलवार आणि सत्तर सह्यांचं निवेदन कुठल्याही कार्यालयाला सहज फाईलमध्ये घालता येत नाही. घातलं तर मी आहे की पाठपुराव्याला.

काही जण म्हणतील, माणसं मजेसाठी, भक्तीसाठी, तब्येतीसाठी येतात, त्यात कशाला आंदोलन घुसवता? मी आंदोलन म्हणत नाही. सोबत जायचं म्हणजे कुठपर्यंत सोबत, एवढंच विचारतोय. फक्त टी-शर्ट एक असलेल्यांशीच सोबत आहे का? वाटेत जी पोरगी दप्तर अडकवून चाललीय ती आपल्या गटात नाही का? तिच्या मागं कोण आहे?

तर माझ्या सूचना थोडक्यात, म्हणजे व्हॉट्सॲपवर टाकायला सोप्या:

१. ट्रॉफी नको, नंबर नको. सगळ्यांना सारखंच प्रशस्तिपत्र.
२. दहा-बाराचे गट, पुढं एक, मागं एक पाठराखा. हळू जाणारे आधी निघतील.
३. प्रत्येक गटाकडं स्वतःचा पंप. टेम्पो आणि ॲम्ब्युलन्स शेवटच्या सायकलीच्या मागं. नाष्टा दुसऱ्या गाडीनं पुढं पाठवा.
४. तीन रविवार सराव. सरावाला न येणाऱ्यानं गटात येऊ नये, मग तो कितीही मोठा माणूस असो.
५. शेवटची सायकल आल्याशिवाय ग्रुप फोटो नाही.
६. परतल्यावर आठ दिवसांत रस्त्याचं निवेदन, सगळ्यांच्या सह्यांनी.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता गटाची बैठक आहे. मी जाणार आहे आणि हे सगळं तिथं तोंडावर बोलणार आहे. शिपाईमामांनाही या म्हणालोय. ते म्हणाले, "मी काय बोलणार साहेब तिथं?" मी म्हटलं, मागच्या वर्षी त्या रस्त्यावर सगळ्यात शेवटी कोण होतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तुम्हाला पटत असेल तर तुम्हीही या. पटत नसेल तर नक्की या, वाद समोरासमोर झालेला बरा. एसटीत, ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या मित्रांनी कमेंटमध्ये जरूर लिहावं: सायकलींची रांग समोर दिसल्यावर तुम्हाला नेमकी कशाची अडचण होते? त्यांचं ऐकल्याशिवाय कुठलाच नियम करू नये असं मला वाटतं. आणि ज्यांच्या मुली सायकलनं शाळेत जातात त्यांनी रस्त्यावरची एक-एक धोक्याची जागा लिहून पाठवा. वारीची वाट न बघता यादीला आजपासूनच सुरुवात करू.